इस्टोरी मास्तर

सूड या विषयाचा नीळकंठ मास्तरांइतका अभ्यास केलेला माणूस आमच्या बुलढाण्यात दुसरा नव्हता, आणि त्या विषयात त्यांच्याइतका सपशेल नापास झालेलाही नव्हता. आम्ही एकाच शाळेत होतो. ते इंग्रजी शिकवायचे, मी ड्रॉइंग. ड्रॉइंगच्या मास्तरला शाळेत कुणी मास्तर समजत नाही. पोरं समजत नाहीत, हेडमास्तर समजत नाहीत, घंटा देणारा शिपाईसुद्धा त्याच्यासमोर बिडी विझवत नाही. त्यामुळे मला निवांत बसून माणसं बघायला भरपूर वेळ असे, आणि बघण्याजोगी चीज म्हणजे नीळकंठ मास्तर. आता लोक त्यांची आठवण काढून हळहळतात. मला हळहळ वगैरे काही वाटत नाही. मला चीड येते, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

दिसायला माणूस नीटनेटका होता. बारीक चण, लांब हात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काळी टोपी. उन्हाळ्यात आमच्याकडे घाटावर जरा बरं असलं तरी कोट घालण्याइतकं बरं नसतं, पण मास्तर वैशाखातही तो काढत नसत. बोलताना उजव्या हाताचं बोट स्वतःच्याच छातीवर आपटायचे. त्यांचा एक ठरलेला शब्द होता, 'उट्टं'. कुणी वाकडं बोललं, कुणी रस्त्यात नमस्कार करायला विसरलं, की मास्तर शांतपणे म्हणत, "याचं उट्टं निघालं पाहिजे." निघायचं खरं, पण निघायचं ते नेहमी त्यांच्याच अंगावर.

वांग्याचंच घ्या. धाड गावच्या बाजारात एका माळणीनं त्यांना किडकं वांगं दिलं. मास्तरांनी घरी येऊन शपथ घेतली की ती बाई माफी मागेपर्यंत या घरात वांगं शिजायचं नाही. आता त्या बाईला बिचारीला काय कल्पना? ती दर बाजाराला वांगी विकत होती, मजेत होती. इकडे भरीत हा मास्तरांचा जीव की प्राण. हिवाळ्यात शेजारीपाजारी वांगी भाजायला लागली की हा माणूस ओट्यावर बसून नुसता वास घेत राही. त्यांची बायको, गोदावहिनी, आमच्याकडे येऊन माझ्या बायकोबरोबर चोरून भरीत-भाकर खाऊन जायची. "काय करता भाऊजी," मला म्हणायची, "ह्यायनं त्या माळणीले धडा शिकवला. अन् धडा पाठ करून राह्यलो आमी."

न्हाव्याशीही तेच. त्यानं एकदा दुसऱ्या गिऱ्हाइकाला आधी बसवलं, म्हणून मास्तर दाढी करायला देऊळघाटाला चालत जाऊ लागले. देऊळघाट त्यांचं मूळ गाव. तिथला न्हावी म्हातारा, हात थरथरणारा. सोमवारी मास्तर गालावर तुरटी चोळत वर्गात येत आणि पोरं आपसांत कुजबुजत की आज कुठे कापलंय. बुलढाण्याचा न्हावी शाळेच्या वाटेवरच बसे आणि त्यांना रोज वाकून रामराम करी. तो आपल्यावर रागवायला हवा, निदान घाबरायला हवा, एवढीच मास्तरांची अपेक्षा होती. ती त्यानं पुरी केली नाही.

आता हा सगळा वेडेपणा घरापुरता राहिला असता तर मी हसलो असतो आणि विसरलो असतो. पण मास्तरांना पुस्तकं मिळाली.

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि गावाबाहेर मिशनच्या बंगल्यात एक अमेरिकन पाद्री राहत असे. मास्तर त्याच्याकडे इंग्रजी बोलायच्या सरावाला जात. तो परत जायला निघाला तेव्हा त्यानं एक लाकडी पेटी बैलगाडीत घालून मास्तरांकडे पाठवली. पेटीत कादंबऱ्या होत्या, सगळ्या जुन्या, सगळ्या अमेरिकेतल्या. निरोपाला मास्तर गेले होते, सोबत मीही होतो. पाद्री आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मास्तर, ही बुकं वाचा. आमचा माणूस देवाच्या मागे लागत नाही, तर कोणाच्या मागे लागतो, ते यात आहे."

कोणाच्या मागे लागतो, तर ज्यानं आपला अपमान केला त्याच्या. मला तेवढं इंग्रजी येत नव्हतं, पण मास्तरांनी मला त्यातल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या आणि खरं सांगतो, मला त्या लेखकांचं नवल वाटलं. एवढा मोठा देश, एवढ्या नद्या, एवढी अरण्यं, आणि पुस्तकात बघावं तर एक दातओठ खाणारा माणूस दुसऱ्याच्या मागावर. कुणी चुलतभावाच्या, कुणी जुन्या भागीदाराच्या, कुणी नुसत्या हसणाऱ्याच्या. पाचशे पानं तो झोपत नाही, धड जेवत नाही, बायकोशी बोलत नाही. शेवटी शत्रू मरतो किंवा मरतही नाही, पण याची मात्र राख होते. मास्तरांना हे खलपुरुष फार आवडत. आवडत म्हणजे ते त्यांना मनापासून तुच्छ मानत. "गाढव आहे हा," पान उलटत म्हणत. "अरे, सोडून दे ना बाबा. काऊन मरून राह्यला?"

त्यातही एक पुस्तक त्यांच्या विशेष जवळचं होतं. पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, नावाचं पान गेलेलं, त्यामुळे ते कुणाचं हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यात एक पाणचक्कीवाला होता, नदीच्या पाण्यावर पिठाची गिरणी चालवणारा. गावच्या जेवणावळीत हा चिखलात घसरून पडला आणि याचा शेजारी, याचा लहानपणचा सोबती, हसला. बस. एवढ्यावरून गिरणीवाल्यानं नदीच्या वरच्या अंगाची जमीन घेतली आणि तिथं बांध घातला, शेजाऱ्याची शेती वाळावी म्हणून.

शनिवारी शेवटच्या तासाला मास्तर ही गोष्ट वर्गाला सांगत. एकदा त्यांनी मला नकाशा काढायला बोलावलं. मी रंगीत खडूंनी फळ्यावर नदी काढली. पोरांना समजावी म्हणून आपली पैनगंगाच काढली म्हणा ना. वर बांध, मधे शेजाऱ्याची शेतं, खाली गिरणी. मास्तरांची मुलगी सिंधू तेव्हा लहान होती, बापाचा डबा घेऊन आली होती आणि दारात उभी राहून फळ्याकडे बघत होती. सगळ्यांच्या आधी तीच बोलली.

"बाबा, गिरणी तर खाली आहे. पाणी अडवलं तर गिरणी कशी फिरन?"

मास्तरांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. छातीवर बोट आपटत ते वर्गाला म्हणाले, "पाहा. या पोरीले दिसलं. त्या गाढवाले चारशे पानं दिसलं नाही." पोरं हसली. पोरं हसली की मास्तर अजून खुलायचे. त्या दिवशी ते मला खरोखर चांगले मास्तर वाटले होते, हे कबूल केलं पाहिजे.

आता वकील वामनराव. हे मास्तरांचे देऊळघाटचे बालमित्र. एका गल्लीत वाढलेले, एका पंतोजीच्या छड्या खाल्लेले. पुढे वामनराव कायदा शिकायला पुण्याला गेले आणि बुलढाण्याला वकिली करायला परत आले ते 'मले-तुले' तिकडेच टाकून. 'मला, तुला, येतोय, जातोय' असं बोलू लागले. तरी दोघांची मैत्री टिकली होती. रोज संध्याकाळी दोघं चिखलीच्या रस्त्यानं फिरायला जायचे. गोदावहिनी आणि वकिलीणबाई यांचं तर सख्ख्या बहिणींसारखं होतं. वकिलांचा भास्कर आणि मास्तरांची सिंधू यांचं पुढंमागं जमवून टाकायचं, हे त्या दोघींनी पोरं रांगत होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

वामनराव शाळेच्या कमिटीवर होते. एकदा नागपूरहून शाळा तपासणीला साहेब आले, त्यांच्याबरोबर वामनरावही वर्गात शिरले. मास्तर इंग्रजीतून गिरणीवाल्याचीच गोष्ट सांगत होते. साहेबांना पाहून त्यांना अजून जोर चढला आणि ते मोठ्यानं म्हणाले, "धिस इस्टोरी, सर, इज ए ग्रेट इस्टोरी."

आता आमच्याकडे सगळेच इस्टोरी म्हणतात. इस्कूल, इस्टेशन, इस्टूल. आमच्या जिभेला पुढं इकार लावल्याशिवाय ते जोडाक्षर उचलत नाही. साहेबांनी लक्षही दिलं नसतं. पण वामनराव हसले, खुसकन, आणि म्हणाले, "मास्तर, इस्टोरी नाही हो. स्टोरी. साहेब नागपूरला जाऊन काय सांगतील?"

साहेब हसले. मग वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर कोळशानं 'इस्टोरी मास्तर' लिहिलेलं होतं, आणि आठवडाभरात बाजारात, कोर्टात, मोटारस्टँडवर हेच नाव झालं.

वामनराव संध्याकाळी फिरायला बोलवायला गेले तेव्हा मास्तरांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, "वकीलसाहेबांले सांगा, मास्तर घरी नाही." वामनरावांना वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. त्यांनाही मास्तरांची ओळख लहानपणापासून होती, पण पुरती नव्हती.

उट्टं कसं काढावं हे मास्तरांना लवकर सुचेना. तोवर त्यांनी स्वतःची जीभ दुरुस्त करायला घेतली. सबंध उन्हाळाभर आरशासमोर उभं राहून स्टोरी, स्कूल, स्टेशन असा जप चालला. जमलं. फार जमलं. पुढं लावलेला इकार उपटायची एवढी सवय लागली की जिथं तो असायला हवा तिथूनही जाऊ लागला. परटाला एके दिवशी कोट देऊन म्हणाले, "याले नीट स्त्री कर." परीट हात जोडून उभा राहिला. "मास्तर," तो म्हणाला, "कोटाले बायको कशी करू मी?" ही गोष्ट परटानं कुणाला सांगितली नसेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही बुलढाणा पाहिलेलं नाही. मास्तरांनी हेही वामनरावांच्याच खात्यावर लावलं.

मग दसरा आला. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आलं की आपट्याची पानं घेऊन घरोघर जायचं, लहानानं मोठ्याच्या घरी जाऊन सोनं द्यायचं आणि पाया पडायचं, ही रीत. वर्षभराचं सगळं त्या पानाखाली झाकलं जातं. भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंही त्या संध्याकाळी एकमेकांच्या ओट्यावर चढतात. सगळ्यांना वाटलं, झालं, आज मिटलं.

पण जायचं कुणी? लहानानं. आणि या दोघांत लहान कोण?

देऊळघाटात दोघं एकाच साली जन्मले. महिना कुणाच्या आईनं लक्षात ठेवला असेल तर असेल. त्या काळी शाळेत घालताना वय ओळखायची एकच युक्ती होती. पोराला उभं करून हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचं. लागला तर पोरगा शाळेजोगा झाला. नीळकंठाचा हात लागला, वामनाचा लागला नाही, तो पुढच्या वर्षी गेला. म्हणून मास्तर म्हणायचे, मी मोठा. वामनराव म्हणायचे, "त्याचे हातच लांब आहेत. माकडाला विचारा, त्याचाही लागेल." हे वाक्य मास्तरांपर्यंत पोचलं. पोचवणारे असतातच. झालं, दोघं आपापल्या ओट्यावर सोनं घेऊन बसले. मी दोन्हीकडे जाऊन आलो, दोन्हीकडे पाया पडलो आणि दोन्हीकडे तोच प्रश्न ऐकला, "तिकडून कुणी निघालं का?"

असे किती दसरे गेले सांगत नाही. चांगली शिकलेली, पांढऱ्या मिशांची माणसं. एक पोरांना सुडाचे धडे देणारा, दुसरा कोर्टात दिवसभर लोकांना तडजोडीचे सल्ले देणारा. आणि दोघं कानाला हात पोचण्यावरून बसलेले. लाज वाटायला हवी होती.

सिंधू मोठी झाली, भास्कर नागपूरहून शिकून आला. दोघांचं एकमेकांवर मन होतं, त्याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. शेवटी वकिलीणबाईंनी नवऱ्याला बसवून सांगितलं की पोरांच्या जन्माचा प्रश्न आहे, तुमचा कान तुमच्याजवळ ठेवा. वामनराव म्हणाले, मी सोनं घेऊन जाणार नाही, पण सोयरीक करायला जाईन. निरोप गेला आणि मास्तर चटकन हो म्हणाले. इतक्या चटकन की मला खटकलं. त्या दिवसांत ते शाळेत गुणगुणत असायचे.

सुपारी फुटायची होती मास्तरांकडे. ओट्यासमोर मांडव, आत सतरंजी, दोन्हीकडची माणसं, कमिटीचे दोघंतिघं, शाळेतले आम्ही सगळे. 'स्वागतम्'चा बोर्ड मी रंगवला होता. चहापाणी झालं. भटजींनी सुपारी पुढं ठेवली. तेव्हा मास्तर उठून उभे राहिले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सुपारीच्या आधी वकीलसाहेबांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा आहे. सगळ्यांसमोर."

"कुठला?" वामनरावांनी विचारलं.

"इस्टोरी."

वामनरावांनी कपबशी खाली ठेवली. मला वाटलं, उठतील. उठले नाहीत. बायकोकडे पाहिलं, भास्करकडे पाहिलं, आणि कोर्टात साक्षीदाराचं नाव घ्यावं तसं सरळ म्हणाले, "इस्टोरी."

इथं हे संपायला हरकत नव्हती. उट्टं निघालं होतं. पण मास्तरांनी सगळी तयारी केली होती ती लोक हसतील म्हणून, आणि कुणी हसलंच नाही. लोक खाली सतरंजीकडे बघत होते. मास्तरांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अजून एकदा. मागच्या लोकांले ऐकू नाही आलं."

त्यावेळचा त्यांचा चेहरा मी नंतर पुष्कळदा काढून पाहिला. कधी जमला नाही. त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, तोंडातला घास कुणीतरी काढून घेतल्यासारखा होता तो.

वामनरावांनी दुसऱ्यांदाही म्हटलं. आणि भास्कर उठला.

"बाबा, चला," तो म्हणाला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "सिंधू, तुझ्यावर राग नाही. पण ज्या घरात माझ्या बापाले दोनदा म्हनायले लावलं, तिथं मी जावई म्हनून कसा जेवू?" नागपूरला शिकलेला पोरगा, बापासारखा शुद्ध बोलणारा, त्या वेळी त्याच्या तोंडून वऱ्हाडी आली. ते सगळे निघून गेले. जाताना वकिलीणबाई गोदावहिनीला एकदा बिलगली.

मांडवात आम्ही पाचसहा जण उरलो. सिंधू आतून बाहेर आली. नवं लुगडं नेसलेली. तिनं बापाकडे पाहिलं, रडली नाही, ओरडली नाही.

"गिरणी खाली होती, बाबा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मास्तरांना समजलं नाही असं नाही. ते कोटाची बटणं चाचपत होते. मला म्हणाले, "ड्रॉइंग मास्तर, म्हनला तो. दोनदा म्हनला. ऐकलं ना तुमी?" मी चपला घालून घरी आलो. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

भास्करनं नागपूरची मुलगी केली. सिंधूनं लग्नच केलं नाही. शिक्षण पुरं करून ती मेहकरला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि बापाच्या घरी येणं तिनं बंद केलं. बुलढाण्याला आली तर आमच्याकडे उतरायची, मास्तरांच्या अगदी समोर. गोदावहिनी रस्ता ओलांडून लेकीला भेटायला यायची. मास्तर ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत राहायचे. माझ्या खिडकीतून त्यांची टोपी दिसायची. गोदावहिनी त्या काळात एकाएकी म्हातारी झाली. बाईचं कुणाशी वाकडं नव्हतं, तिनं कुणाचं काही केलं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त तिलाच भोगावं लागलं. त्या जाड जाड अमेरिकन पुस्तकांत गोदावहिनीसारख्या बाईबद्दल किती पानं असतात, हे एकदा मास्तरांना विचारायचं माझ्या मनात होतं. विचारलं नाही.

मग वामनरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. कोर्ट सुटलं. ते खाटेवरच असायचे.

त्या साली दसऱ्याला सिंधू आमच्याकडे आली होती. गोदावहिनीनं नवऱ्यासमोर पहिल्यांदाच पदर खोचला. म्हणाली, "पोरगी म्हन्ते, बाबानं वकिलाच्या घरी जाऊन सोनं दिलं तर मी घरात येतो. नाही तर यापुढं बुलढाण्यालेच येत नाही. माह्यं काही मागनं नाही तुमच्याजवळ, एवढंच हाये. मले माह्यी पोरगी पाहिजे."

मास्तर उठले. मग कोट घातला, टोपी घातली, आपट्याची पानं मुठीत घेतली. मला हाक मारली, "चला हो, सोबत चला." रस्ताभर ते पुटपुटत होते, "मी लहान. म्हनून टाकतो. मी लहान. काय जाते आपलं?" खोटं कशाला बोला, त्या रस्त्यावर मला त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटलं.

वामनराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. मास्तरांना दारात पाहून त्यांचा डावा हात हलला. डोळ्यांतून पाणी आलं, ते आजारानंही येत असेल. मास्तर खाटेजवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "वामन, सोनं घे. मी लहान हाये."

वामनरावांनी जोरानं मान हलवली. जीभ जड झाली होती. पुणेरी बोलणं त्या झटक्यात कुठं वाहून गेलं होतं कोण जाणे. तुटक तुटक शब्दांत, देऊळघाटच्या पोरासारखे ते म्हणाले, "नाही बे, नीळ्या. लहान मीच होतो. चार महिन्यानं. मायनं सांगतलं होतं मले. पयल्यापासून मालूम होतं."

"मालूम होतं?" मास्तर म्हणाले.

"हाव. पन येऊ काऊन? तू दार नाही उघडलं."

म्हणजे बघा. मी इतकी वर्षं या एकाला गाढव म्हणत होतो. दुसरा माहीत असून बसला होता, आणि कान-माकडाचे विनोद करत बसला होता. तोही बांधच घालत होता, फक्त त्याचा नकाशा मी काढला नव्हता. पण निदान त्या दिवशी त्यानं ते बोलून टाकलं, आणि डावा हात पुढं केला, सोनं घ्यायला. तो हात तसाच हवेत होता.

मास्तर सरळ उभे राहिले. मुठीतली पानं मुठीतच होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. फळ्यासमोर उभे असताना यायचं तेच होतं. छातीवर बोट आपटत ते माझ्याकडे वळले. "ऐकलं का, ड्रॉइंग मास्तर? लहान तो हाये. मी म्हनतच होतो. पयल्या दिवसापासून म्हनून राह्यलो होतो मी."

"मास्तर, सोनं द्या त्यांना," मी म्हणालो.

"मी काऊन देऊ? लहानानं यायचं असते." आणि ते निघाले. वकिलीणबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, तिच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडले. मी मागं वळून पाहिलं तेव्हा वामनरावांचा हात अजून खाली आला नव्हता.

घरी येऊन मी सिंधूला सांगितलं. सगळं सांगितलं, काही सावरून घेतलं नाही. तिनं विचारलं, "मग आता ते ओट्यावर कोनाची वाट पाहून राह्यले?" मी खिडकीतून पाहिलं. मास्तर कोट-टोपीत ओट्यावर बसले होते. बाजूला पाट मांडलेला, त्यावर तबक. लहान येणार होता.

आमच्याकडे सोनं कोजागिरीपर्यंत देता-घेता येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीही ते बसलेलेच होते. सिंधू मेहकरच्या मोटारीला निघाली, तिची ट्रंक मी घेतली. गोदावहिनी आमच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली, पुढं तिला चालवेना. रस्त्यात येताच सिंधूची पावलं थबकली. ती वळली आणि बापाच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली, हातातली पिशवी खाली ठेवून. मला वाटतं, त्यांनी त्या वेळी 'सिंधू' एवढं जरी म्हटलं असतं तरी तिनं ट्रंक परत न्यायला लावली असती.

मास्तर मान लांबवून तिच्या खांद्यावरून वामनरावांच्या घराकडच्या रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हात हलवला.

"पोरी, जरा बाजूले हो," ते म्हणाले. "रस्ता दिसून नाही राह्यला."